गादीचे टाके आणि मांडीवरच्या खळ्या

डहाणूहून किनाऱ्याने बोर्डीकडे जाताना वाटेत चिखले गाव लागते. एका बाजूला सुरूची झाडे आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. तेथे परिसरातील शिक्षक आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी यांच्यासमोर त्वचेविषयी बोलण्याचा योग आला होता. अशा वेळी मी टेबलावर एक पुठ्ठ्याची पेटी ठेवते. ज्यांना उभे राहून प्रश्न विचारायचा संकोच वाटतो त्यांनी नाव न घालता चिठ्ठी टाकावी, एवढाच त्यामागचा हेतू. त्या दिवशीच्या एका चिठ्ठीत लिहिले होते : ‘माझ्या मांडीवर मागच्या बाजूला खळगे दिसतात. मोबाइलवर त्याला सेल्युलाइट म्हणतात. हा रोग आहे का? मी दुपारचे जेवण बंद केले आहे तरी ते जात नाहीत.’

चिठ्ठीतले शेवटचे वाक्य मला जास्त अस्वस्थ करून गेले. व्याख्यानात पाच मिनिटांत जमले तेवढे उत्तर दिले. चहाच्या वेळी दोन-तीन शिक्षिका जवळ आल्या. त्यांतल्या एकीने सांगितले की, तिने स्वतः याच कारणासाठी क्रीम आणि मालिश यांवर बरेच पैसे खर्च केले आहेत आणि फरक काय पडला हे तिला आजही सांगता येत नाही. प्रश्न एकट्या मुलीचा नव्हता तर! म्हणून तेच उत्तर येथे जरा सविस्तर मांडते.

सुरुवातीलाच सांगून टाकू : हा रोग नाही. वयात आलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के स्त्रियांच्या मांड्या, नितंब किंवा पोटाखालचा भाग यांवर कमी-अधिक प्रमाणात अशा खळ्या असतात. सडपातळ स्त्रियांत असतात, जाड स्त्रियांत असतात, खेळाडूंतही असतात. एखादी गोष्ट दहातील आठ-नऊ निरोगी माणसांत आढळत असेल, तर तिला बिघाड म्हणण्यापूर्वी थोडे थांबायला हवे.

नाव कोठून आले?

मराठीत या खळ्यांना रूढ शब्द नाही. गालावर पडते ती खळी आणि तिचे कौतुक होते. मांडीवर पडते तिला आपल्या आज्यांनी नावही दिले नाही. ‘सेल्युलाइट’ हा फ्रेंच शब्द. ‘सेल्युला’ म्हणजे लहान खोली किंवा कप्पा, आणि ‘-इट’ हा फ्रेंच वैद्यकातील दाह दाखवणारा प्रत्यय. इंग्रजीत त्याचेच ‘-आयटिस’ होते. ऊतींचा दाह, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. १९२० साली अल्किए आणि पाव्हियो या दोन फ्रेंच वैद्यांनी त्वचेच्या या स्थितीचे वर्णन केले. पुढे काही दशके हा शब्द बहुतांशी युरोपातच राहिला. १९६८ च्या एप्रिलमध्ये ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकाने त्यावर लेख छापला आणि अमेरिकी वाचकांना तो शब्द माहीत झाला. १९७३ मध्ये तेथे त्यावर एक खूप खपलेले पुस्तक निघाले. त्यानंतर क्रीम, पट्टे, ब्रश, यंत्रे यांची रांग लागली.

खळ्या मात्र या शब्दाहून फार जुन्या आहेत. सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार रूबेन्स याने साधारण १६३० ते १६३५ या काळात ‘थ्री ग्रेसेस’ हे चित्र काढले. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ते आहे. त्यातील तिन्ही देवतांच्या मांड्यांवर आणि नितंबांवर या खळ्या स्पष्ट रंगवलेल्या आहेत. चित्रकाराला त्या लपवाव्याशा वाटल्या नाहीत. उलट मांसल सौंदर्याचा तो भाग होता.

१९७८ साली न्युर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन डॉक्टरांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी सेल्युलाइटला ‘तथाकथित’ म्हटले आणि तो ‘निर्माण केलेला आजार’ आहे असे बजावले. त्यांनी त्वचेखालच्या थरांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले होते. त्यात दाहाची लक्षणे नव्हती. म्हणजे नावच मुळात चुकलेले होते. चुकीचे नाव टिकले, निबंध फारसा कोणी वाचला नाही.

त्वचेखाली काय असते?

शाळेच्या पुस्तकातील त्वचेची आकृती आठवा. सर्वांत वर बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा. अंतस्त्वचेत कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट विणकाम असते आणि त्वचेचा चिवटपणा त्यावरच अवलंबून असतो. त्याखाली मेदाचा थर. आकृतीत हा थर बहुधा पिवळे गोल काढून उरकलेला असतो. येथे तोच महत्त्वाचा.

मेद म्हणजे पिशवीत ओतलेले तूप नव्हे. तो पेशींत साठवलेला असतो. एक भरलेली मेदपेशी साधारण एक दशांश मिलिमीटर व्यासाची असते आणि तिचा जवळजवळ सर्व भाग स्निग्ध पदार्थाच्या एका थेंबाने व्यापलेला असतो. अशा पेशींचे पुंजके असतात आणि पुंजक्यापुंजक्यांमध्ये संयोजी ऊतीचे पडदे असतात. हे पडदे वर अंतस्त्वचेला आणि खाली स्नायूंवरच्या आवरणाला जोडलेले असतात. त्यांच्यामुळेच त्वचा खालच्या भागाला बांधलेली राहते, नाहीतर ती सैल अंगरख्यासारखी घसरली असती.

आता पिंजाऱ्याने भरलेली गादी डोळ्यांसमोर आणा. कापूस भरून झाला की तो जाड दोऱ्याने ठरावीक अंतरावर आरपार टाके घालतो. दोरा ओढून गाठ मारली की तेथे गादी आत खेचली जाते आणि दोन टाक्यांच्या मधला कापूस वर फुगतो. मांडीवरच्या खळ्यांचे गणित नेमके हेच आहे. पडदे हे टाके, मेदाचे पुंजके हा कापूस आणि त्वचा हे वरचे कापड. कापूस वाढला तर फुगवटा वाढेल. दोरा आखडला तर खळगा खोल होईल. कापड विरले, पातळ झाले, तर दोन्ही अधिक दिसतील. तिन्ही गोष्टी शरीरात घडतात : वजन वाढले की मेदाचे पुंजके मोठे होतात, पडदे वयाबरोबर जाड व ताठर होतात आणि अंतस्त्वचेतील कोलॅजेन कमी होत जाते.

वर्गात हे करून दाखवणे सोपे आहे. जुन्या कापडाच्या दोन लहान पिशव्या शिवून सारखा कापूस भरावा. एकीला सुईदोऱ्याने पाच-सहा आरपार उभे टाके घालावेत. दुसरीत कापड आणि कापूस यांच्यामध्ये भाजीच्या जाळीच्या पिशवीचा तुकडा ताणून शिवावा, आरपार टाके घालू नयेत. दोन्ही पिशव्या बाजूंनी दाबल्या की पहिलीवर उंचवटे उठतात, दुसरी बरीच सपाट राहते.

या दोन पिशव्यांमध्ये स्त्री-पुरुषांतला फरक ढोबळमानाने आला. मघाच्या जर्मन डॉक्टरांना असे दिसले की, स्त्रियांच्या मांडीत पडदे मुख्यतः त्वचेला काटकोनात, म्हणजे उभे असतात आणि मेदाचे कप्पे मोठे असतात. पुरुषांत पडदे तिरपे, एकमेकांना छेदणारे असतात, कप्पे लहान असतात. शिवाय पुरुषांची अंतस्त्वचा जाड असते. पुढे चुंबकीय अनुस्पंदनाने जिवंत माणसाच्या मांडीतले हे पडदे थेट पाहता येऊ लागले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका फ्रेंच अभ्यासात चित्र इतके स्वच्छ निघाले नाही. उभे आणि तिरपे दोन्ही प्रकारचे पडदे सर्वांतच असतात. ज्या स्त्रियांत खळ्या ठळक असतात त्यांच्यात उभ्यांचे प्रमाण अधिक असते, एवढेच म्हणता येते. विज्ञानात असे वारंवार होते. पहिली आकृती फार नीटस असते, नंतरच्या मापनांनी ती थोडी विस्कटते, पण मूळ कल्पना टिकते.

पुरुषांत खळ्या क्वचित दिसतात, पण पुरुषी संप्रेरके काही कारणाने कमी असतील किंवा उपचारांमुळे कमी करावी लागली असतील तर दिसू शकतात. मुलींत त्या वयात आल्यानंतर दिसू लागतात. यावरून इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा यात भाग असावा असे मानले जाते. आई-मुलीत सारखेपणा दिसतो, तेव्हा आनुवंशिकताही आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीने काही चुकीचे खाल्ले किंवा काही करायचे राहिले म्हणून हे झालेले नाही.

जेवण सोडल्याने काय होते?

ही मुलगी दुपारचे जेवण टाळते आहे. एक किलोग्रॅम मेदऊतीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठवलेली असते. उपाशी राहिल्यावर शरीर त्या साठ्यातून ऊर्जा काढते, हे खरे. पण कोठल्या फडताळातून काढायची हे शरीर ठरवते, आपण नव्हे. मांड्या आणि नितंब यांवरील मेदपेशींत मेद सोडण्याला अटकाव करणारे संवेदक पोटावरच्या मेदपेशींच्या मानाने अधिक असतात. घरात रोजच्या खर्चाचे पैसे वेगळे आणि आजीच्या ट्रंकेतले वेगळे, तसाच काहीसा हा प्रकार. ही ट्रंक उघडते कधी? १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात असे दिसले की, स्तनपानाच्या काळात मांडीवरचा मेद तुलनेने सहज मोकळा होतो. बाळंतपणानंतर बाळाला पोसण्यासाठी केलेली ही साठवण असावी. निरोगी तरुण स्त्रीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा मेदाचा असतो, पुरुषाचा त्याहून बराच कमी. त्यामागे असे कारण आहे.

मेदपेशींच्या संख्येचीही एक मजेदार कथा आहे. वजन उतरले की पेशी नाहीशा होतात असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही, त्या आकसतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये मेदपेशींचे वय मोजले. त्यासाठी त्यांनी वापरला अणुस्फोटांचा कार्बन. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण एकदम वाढले आणि चाचणीबंदीनंतर ते हळूहळू उतरत गेले. वनस्पतींतून ते अन्नात आणि अन्नातून आपल्या डीएनएत आले. पेशी जन्मली त्या वर्षीचे प्रमाण तिच्या डीएनएत नोंदले गेले; जणू टपालाचा शिक्काच. या शिक्क्यावरून असे निघाले की, प्रौढ माणसाच्या मेदपेशींची संख्या जवळपास स्थिर असते आणि दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरून तेवढ्याच नव्या येतात. दुपारचा डबा परत नेऊन ही व्यवस्था बदलता येत नाही.

अतिरिक्त वजन असलेल्या स्त्रीने ते सावकाश कमी केले तर खळ्या अनेकदा फिक्या होतात. पण नेहमी नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वजन उतरवलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींमध्ये सुधारणा झाली, काहींमध्ये खळ्या अधिक ठळक झाल्या. मेद कमी झाला पण त्वचा सैल पडली, म्हणजे कापूस काढला आणि कापड ढिले राहिले. वाढत्या वयातल्या, मुळात जेमतेम वजन असलेल्या मुलीच्या बाबतीत तर हा प्रयोग फार महागात पडतो. उपासाने स्नायू झिजतात, लोह आणि प्रथिने कमी पडतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यात आपल्या हाताने भर घालायची, तीही ज्याचा उपयोग नाही अशा कारणासाठी!

ओहोटीची वाळू

व्याख्यान संपल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. सूर्य खाली आला होता आणि ओल्या वाळूवरच्या लाटांच्या खुणा अशा उठून दिसत होत्या की जणू कोणी नांगर फिरवला आहे. हीच वाळू भर दुपारी पाहिली तर बरीचशी सपाट भासते. खळगे तेच, उजेडाचा कोन वेगळा.

याचे गणित नववी-दहावीच्या मुलांना करता येईल. १ मिलिमीटर उंचीच्या कडेवर ६० अंशांच्या कोनातून उजेड पडला तर सावली सुमारे ०.६ मिलिमीटर लांब पडते. उजेड १० अंशांनी, म्हणजे जवळजवळ आडवा आला तर सावली सुमारे ५.७ मिलिमीटर होते. साडेनऊ-दहापट फरक! ‘उपचारापूर्वी’ आणि ‘उपचारानंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारीशेजारी छापलेली असतात, तेव्हा पहिल्यात दिवा बाजूला आणि दुसऱ्यात समोर ठेवला की कोणतेही क्रीम न लावता परिणाम दाखवता येतो. स्नायू आवळले की खळ्या उठतात, सैल सोडले की कमी होतात. उभे राहिल्यावर दिसतात, आडवे झाल्यावर बऱ्याच नाहीशा होतात. म्हणून चांगल्या अभ्यासात दिवा, अंतर, उभे राहण्याची पद्धत हे सर्व सारखे ठेवतात आणि छायाचित्र आधीचे की नंतरचे हे तपासणाऱ्याला सांगत नाहीत. सुरकुतलेली चादर आणि विजेरी घेऊन वर्गात हा प्रयोग अवश्य करावा. जाहिराती वाचायला शिकवण्याचा यापेक्षा स्वस्त धडा मला माहीत नाही.

उपायांचे काय?

उपाय पुष्कळ आहेत. एखाद्या तक्रारीवर उपायांची संख्या फार मोठी असली की त्यांतला एकही नीट लागू पडत नसावा, असा माझा अनुभव आहे.

क्रीममध्ये बहुधा कॅफीन किंवा त्याच्या कुळातले अमिनोफायलीन असते. काचेच्या बशीत वाढवलेल्या मेदपेशींवर ही द्रव्ये टाकली तर पेशी मेद सोडू लागतात, हे खरे आहे. पण मांडीवर चोळलेले क्रीम बाह्यत्वचेचा अडसर ओलांडून, अंतस्त्वचेतील रक्तवाहिन्या चुकवून, मेदापर्यंत पुरेशा प्रमाणात पोचायला हवे. आणि पोचले तरी ते टाक्याचा दोरा कापत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५२ स्त्रियांवर १२ आठवडे अमिनोफायलीनचे क्रीम आणि यंत्राने केलेली मालिश यांचा उपयोग तपासला गेला. स्त्रियांच्या स्वतःच्याच मते क्रीम लावलेल्या ३५ पायांपैकी ३ आणि मालिश केलेल्या ३५ पायांपैकी १० पायांत काही सुधारणा होती. दोन्ही उपाय परिणामकारक नाहीत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. मालिशने त्वचेतला द्रव थोडा सरकतो, रक्तप्रवाह वाढतो, त्वचा काही काळ तुकतुकीत दिसते. अंगाला बरे वाटते म्हणून मालिश करावी. खळ्या जातील म्हणून नव्हे. रेटिनॉलसारख्या जीवनसत्त्व-अ गटातील द्रव्यांनी सहा महिन्यांत अंतस्त्वचा किंचित जाड होऊन काहींना थोडा फरक दिसतो. गरोदरपणात मात्र ही द्रव्ये टाळतात.

चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा येथे उपयोग नाही. तिने खळ्या वाढूही शकतात. अधिक तर्कशुद्ध मार्ग म्हणजे थेट दोरा कापणे. ब्राझीलमधील डॉक्टरांनी २००० साली अशा पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले : त्वचेखाली खास सुई घालून खळीखालचा पडदा कापायचा. निवडक, खोल खळ्यांवर याचा परिणाम बराच काळ टिकतो. पण ही शस्त्रक्रिया आहे. भूल, रक्त साकळणे, डाग, जंतुसंसर्गाची शक्यता हे सर्व तिच्याबरोबर येते. मग कल्पना निघाली की दोरा रसायनाने विरघळवावा. कोलॅजेन तोडणारे जिवाणूजन्य विकर टोचण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये मान्यता दिली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ते बंद करत असल्याचे जाहीर केले. टोचलेल्या जागी मोठ्या प्रमाणात काळेनिळे होणे आणि त्वचेचा रंग दीर्घकाळ बदललेला राहणे, ही कारणे होती. बिनधोक खळीच्या जागी डाग, असा तो सौदा ठरला.

व्यायामाचे काय? व्यायामाने पडद्यांची दिशा बदलत नाही. मांडीचे स्नायू भरले तर वरचा थर थोडा अधिक ताणून बसतो, इतकेच. व्यायामाची खरी कारणे वेगळी आहेत आणि ती पुरेशी आहेत.

जाहिरातीतला एक शब्द मुलांकडून अधोरेखित करून घ्यावा : ‘दिसणे’. ‘सेल्युलाइटचे दिसणे कमी करते’ असे लिहिलेले असते, ‘सेल्युलाइट बरे करते’ असे सहसा लिहीत नाहीत. आपल्याकडील १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत रूप बदलणे बसते. शरीराची रचना वा कार्य बदलण्याचा दावा केला की ते औषधाच्या हद्दीत जाते आणि पुरावा द्यावा लागतो. त्या एका शब्दावर सारा धंदा उभा आहे. बिनलेबलाच्या डब्यांतली ‘खास’ क्रीम तर वापरूच नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर त्वचा उलट पातळ होते आणि ताणाच्या कायमच्या रेघा उमटतात.

कोणता मेद मोजायचा?

बाजार ज्या मेदाच्या मागे लागला आहे तो प्रकृतीच्या दृष्टीने बराचसा निरुपद्रवी आहे, ही यातली विसंगती. मार्सेच्या जाँ व्हाग या डॉक्टरांनी १९४७ सालीच दाखवून दिले होते की, मधुमेहाचा धोका मेद किती आहे याबरोबरच तो कोठे आहे यावर अवलंबून असतो. कमरेच्या वरचा, पोटाचा मेद घातक. मांड्या-नितंबांवरचा त्या मानाने सौम्य. आता तर असे मानतात की, मांडीवरचा मेद रक्तातील स्निग्धाम्ले साठवून ठेवून यकृत आणि हृदय यांना एक प्रकारे सांभाळतो.

या विषयातले एक महत्त्वाचे काम पुण्यात झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. पुण्याची बाळे सर्वच मापांत लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेच्या चिमटीची जाडी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे स्नायू कमी, मेद मात्र राखलेला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा देहभार निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के!

तेव्हा मापायचेच असेल तर शिंप्याची टेप कमरेला लावावी. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही सावध होण्याची खूण मानली जाते. शिक्षकांच्या खोलीत ही टेप फिरवली तर काही पुरुष सहकाऱ्यांना मांडीवरच्या खळ्यांपेक्षा अधिक विचार करण्याजोगे काही सापडेल.

नावाचे सोबती

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत, आणि दोन्ही नावाच्या किंवा रूपाच्या साम्यामुळे गोंधळात टाकतात.

माझ्या परिचयातील एका मावशींच्या पायाला शेतात काटा लागला. दोन दिवसांनी पोटरी लाल, गरम आणि टणक झाली, ताप आला. डॉक्टरांनी कागदावर ‘सेल्युलायटिस’ लिहिले. मुलीने घरी येऊन मोबाइलवर शब्द टाकला तर एका अक्षराच्या चुकीने समोर आल्या त्या सौंदर्याच्या जाहिराती. ‘हे काही विशेष नाही’ असे समजून औषध एक दिवस लांबले. सेल्युलायटिस हा त्वचेचा आणि तिच्याखालच्या ऊतींचा जिवाणूंमुळे होणारा खरा दाह आहे. बहुधा स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू काट्याच्या, चिखल्यांच्या, भेगांच्या वाटेने आत शिरतात. त्यावर प्रतिजैविके वेळेवर सुरू करावी लागतात, नाहीतर संसर्ग रक्तात पसरू शकतो. मधुमेह असलेल्यांना आणि हत्तीरोगाने पाय सुजलेल्यांना तो वारंवार होतो. भातलावणीत अनवाणी उभे राहणाऱ्यांच्या मुलांना हा फरक माहीत असायला हवा : खळ्या दुखत नाहीत, गरम लागत नाहीत, लाल होत नाहीत आणि रातोरात येत नाहीत. एका पायाला अचानक सूज, लाली, ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

दुसरी गोष्ट संत्र्याच्या सालीची. मांडीवरच्या खळ्यांना जाहिरातींत ‘संत्र्याची साल’ म्हणतात. हीच उपमा वैद्यकात स्तनावरच्या त्वचेसाठी वापरतात, आणि तेथे तिचा अर्थ पार वेगळा आहे. स्तनाची त्वचा जाडसर होऊन तिच्यावर बारीक खड्डे दिसू लागले, किंवा एखाद्या जागी ती आत ओढली गेली, तर ते कर्करोगाचे लक्षण असू शकते. दुखत नसले तरी लगेच तपासून घ्यावे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे चालवलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली, तर ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. यंत्र नाही, क्रीम नाही, शिकवलेली बोटे फक्त.

चिठ्ठीवाल्या मुलीला उद्देशून मी तेव्हा नाव न घेता एवढेच म्हटले की, ज्या कोणी हा प्रश्न विचारला तिने उद्यापासून डबा पूर्ण खावा. त्यानंतर मागच्या बाकावर कोणीतरी हसले आणि कोणीतरी त्याला गप्प केले. पेटीतली पुढची चिठ्ठी कच्च्या चिकूचा चीक ओठांना का चिकटतो, अशी होती.